डावावर लागलेला डाव

मी डाव बोलतोय. खेळातला नव्हे, पातेल्यातला. खरं तर गेलं वर्षभर मी वेल्समधल्या आमच्या रग्बी क्लबच्या भिंतीवर उलटा टांगलेला असायला हवा होतो. नाहीये. का नाहीये, तेवढं ऐकून घ्या.

मला इद्वलने घडवलं. खाणीतून आला की हात धुऊन मागच्या पायरीवर बसायचा आणि मला कोरायचा. आमच्या दरीत मुलीला मागणी घालायची तर स्वतः कोरलेला लाकडी डाव द्यायची रीत होती. माझ्या दांड्यावर त्याने दोन बदाम काढले, त्यातला एक वाकडा झाला. एलुनेदने तो बघून नाक मुरडलं आणि होकार दिला.

असे डाव लोक शोभेला भिंतीवर लावतात. एलुनेदने मला पहिल्याच रविवारी मटणाच्या रश्श्यात बुडवलं. "भिंतीवर लावायला तो काय फोटो आहे?" म्हणाली. तेव्हापासून मी रस्साच ढवळतोय. इद्वलला जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या हातचं घरात आता माझ्याशिवाय काही उरलेलं नाही.

दर वर्षी सहा देशांची रग्बी स्पर्धा लागते. तळाला राहिलेल्या देशाला लाकडी चमचा मिळाला, असं सगळीकडे थट्टेने म्हणतात. आमच्या क्लबात ती थट्टा खरी करतात. पैज पैशांची नसते. प्रत्येकाने एक देश घ्यायचा. ज्याचा देश तळाला जाईल, त्याच्या घरातला रोजचा डाव वर्षभर क्लबच्या खिळ्याला उलटा लटकणार. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला टपली मारायची.

गेल्या स्पर्धेच्या वेळी वेल्सची अवस्था बघवत नव्हती. एलुनेदचा जावई रूपर्ट इंग्रज, पण मनाने चांगला.

"सासूबाई, ऐका माझं. आयर्लंड घ्या. गेलाबाजार इटली तरी."

"जावईबापू, मी नवरा बदलला नाही, संघ काय बदलते?"

"अहो, बाबांच्या हातचा डाव जाईल."

"माझा डाव, मी बघेन."

खरं सांगतो, मला तिचा राग आला. जन्मभर चटके सोसले आणि शेवटी मलाच डावावर लावलं.

वेल्स पाचही सामने हरलं. शेवटच्या सामन्याला एलुनेद मला हातात घट्ट धरून टीव्हीसमोर बसली होती. संपल्यावर तिने टीव्ही बंद केला. मग माझ्या वाकड्या बदामावरून अंगठा फिरवला, आणि माझा राग तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी ती क्लबात गेली. मागून रूपर्ट मोठं पातेलं सांभाळत. सेक्रेटरी हातोडी घेऊन तयारच होता.

"आणा इकडे, एलुनेदबाई. नियम म्हणजे नियम."

"नेऊन टांगा की. पण माझ्या घरचाही एक नियम आहे. पातेल्यात रस्सा असेतो डाव बाहेर काढायचा नाही. आधी जेवून घ्या."

तिने मला पातेल्यात घातलं आणि वाढायला सुरुवात केली. सेक्रेटरीने हातोडी ठेवून दोनदा रस्सा मागून घेतला. तळाला चार बटाटे उरले तेव्हा तिने मला आतच ठेवून झाकण लावलं. पुढच्या शनिवारी ती ताजा रस्सा घेऊन आली आणि त्यातच ओतला.

गेले अकरा महिने हेच चाललंय. पातेलं रिकामं होत नाही. खिळ्याला रूपर्ट आपली टोपी अडकवतो.

परवा नव्या पैजेची वही आली. एलुनेदने न बघता वेल्स लिहिलं.

"आणि पुन्हा तळाला गेलो तर?" रूपर्टने विचारलं.

"तर पातेलं मोठं आणीन."

कधी आमच्या क्लबात आलात, तर मला भिंतीवर शोधू नका. वाटी पुढे करा.