वरचा ठिपका

वरूडच्या संत्राबागेतली माती मी उन्हात उकरून आणली, त्यातला जंतू मी वाढवला, आणि पेपरवर नावं कुणाची? माझे पीएचडीचे गाइड भगवंत सर आणि त्यांचा भाचा रोहित! अमरावतीच्या आमच्या लॅबमध्ये रोहितने फक्त शेवटच्या प्लेटा चालवल्या होत्या. मी विचारलं तर सर म्हणाले, "तुले काय घाई हाय, सीमा? पुढच्या पेपरात टाकू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जंतूच्या आवरणात चरबी असते. ती क्लोरोफॉर्ममध्ये उतरवायची आणि प्लेटवर तिचा थेंब ठेवून प्लेट द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं आणि प्रत्येक चरबी आपापल्या उंचीवर थांबते. आयोडिनच्या वाफेत तिचे तपकिरी ठिपके दिसतात. रोहितच्या प्लेटवर पार वर एक जास्तीचा ठिपका होता. सरांनी ती नवीच चरबी ठरवून टाकली.

पुढे एकदा मी तेच सगळं जंतू न घालता करून पाहिलं. याला आम्ही ब्लँक म्हणतो. काचेच्या नळ्या धुवायचा कंटाळा म्हणून रोहितने प्लास्टिकच्या वापरल्या होत्या. मीही त्याच घेतल्या. ठिपका तिथेच उमटला. नवी चरबी कसली, क्लोरोफॉर्ममध्ये प्लास्टिक उतरलं होतं! पेपर अजून छापायचा होता, थांबवता आला असता. छापू दे, म्हटलं. गुपचूप गाइड तेवढा बदलून घेतला.

पेपर छापून आला आणि अकोल्याच्या परिषदेत सरांनी तो वाचला. टाळ्या पडल्या, रोहितला शालही मिळाली. मग मी उभी राहिले.

"सर, ब्लँक चालवला होता का?"

सरांनी रोहितकडे पाहिलं, रोहितने जमिनीकडे.

"मी चालवलाय," म्हणत मी त्या ब्लँकच्या प्लेटचा फोटो सत्राच्या अध्यक्षबाईंना दिला. त्यांनी तो पडद्यावर लावायला सांगितला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. इतकं गोड हसणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

जेवणाच्या रांगेत सरांनी मला गाठलं. तोंड पार उतरलं होतं. "पेपर मांगं घ्या लागते आता. तुले पयलेच माईत होतं, तं मले सांगतलं कावून नाई?"

"त्याच्यावर माह्यं नाव असतं तं सांगतलं असतं, सर," मी म्हटलं आणि वाढप्यापुढे ताट धरलं.