राखून ठेवलेले चार्जिंग

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा फुटला आहे, कळांवरची अक्षरे पुसून गेली आहेत आणि बॅटरी इतकी फुगली आहे की मला सपाट ठेवले तरी मी डगडगतो. सध्या मी तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या एका घरात, कपाटाच्या तळाशी, कापडी पिशवीत असतो. भंगारवाला आला की मला द्यायचे ठरले आहे. त्याआधी माझी हकिकत ऐकून घ्या.

नऊ वर्षांपूर्वी नंदिताने मला तंजावूरच्या दुकानातून आणले. तेव्हा ती कॉलेजात शिकत होती. एकदा चार्ज केले की मी सहा तास चालत असे आणि तिच्या मैत्रिणी माझे कौतुक करीत. ती मला गादीवर ठेवी, वायर दिवसरात्र लावलेलीच असे. त्या उष्म्याने माझी बॅटरी आतून खंगत होती, पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे ती प्राध्यापिका झाली, तिला कॉलेजचा नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटावर जाऊन पडलो.

मला पुन्हा खाली काढले ते तिच्या वडिलांसाठी, अप्पांसाठी. त्यांचे नाव रघुराम. ते सरकारी मोजणीदार होते. जमीन मोजायची साखळी घेऊन अख्खा तालुका पायी फिरलेला हा माणूस मज्जातंतूंच्या आजाराने खाटेला खिळला. आधी हात गेले, मग जीभ गेली. उजव्या हाताचे एक बोट तेवढे हलत होते. नंदिताची मैत्रीण हरिता संगणक शिकवते. तिने माझ्यात अशी सोय केली की पडद्यावर मोठमोठी अक्षरे एकेक करून उजळावीत आणि हवे ते अक्षर आले की अप्पांनी बोटाने बटण दाबावे. लिहिलेले वाक्य मी मोठ्याने वाचत असे.

अप्पांना देवनागरी येत नव्हती. ते आपली तंजावरी मराठी तमिळ अक्षरांत लिहीत, आणि तमिळमध्ये ‘प’, ‘ब’, ‘भ’ यांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे ते भात मागत आणि मी ‘पात’ म्हणे. त्यांची पत्नी विशालाक्षी पदर तोंडाला लावून हसत असे. अप्पांचे डोळेही हसत. चहात आले कमी पडले, दारातली गाय कोणाची, असले काहीबाही ते दिवसभर बोलत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस.

मग कार्तिकात वादळ आले. एका सकाळी उठून पाहतात तर गावातली निम्मी नारळाची झाडे आडवी झालेली, विजेचे खांब मोडलेले. वीज यायला तीन आठवडे लागतील असे लोक म्हणू लागले. भाताच्या गिरणीत जनरेटर होता. नंदिता मला रोज सकाळी तिथे नेऊन चार्ज करी. पण माझी बॅटरी आता जेमतेम पन्नास मिनिटे टिकत होती. नवी मिळेना, कारण माझ्या बनावटीची बॅटरी कधीच बंद झाली होती. म्हणजे दिवसातून पन्नास मिनिटे अप्पांना वाचा, आणि उरलेला दिवस मुके बसणे.

हरिताने यावर एक तोड काढली. तिने आपला जुना फोन आणि मनगटी घड्याळ माझ्याशी जोडून दिले. फोन छोट्या पॉवर बँकेवरही चार्ज होतो, म्हणून पुढचा शब्द सुचवणे आणि मोठ्याने वाचणे ही जड कामे त्याच्याकडे गेली. घड्याळ अप्पांच्या मनगटावर बांधले. बोट हलले की मनगटाला जाणवणाऱ्या हालचालीने ते मला उठवी, बोट स्थिर झाले की माझा पडदा विझवी. माझ्याकडे अक्षरे दाखवण्यापुरतेच काम उरले. पन्नास मिनिटांचे सव्वादोन तास झाले. त्या दिवशी घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला!

पण त्या आनंदातच घात होता. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात उरलेल्या चार्जिंगचा आकडा दिसतो. चार्जिंग वाचवता येते हे कळल्यावर अप्पा तो आकडा पाहू लागले. ‘पाणी दे गं’ऐवजी नुसते ‘पाणी’. ‘पंखा’ हा शब्द तर विजेबरोबरच गेला. विशालाक्षीही त्यांना सांगे की आत्ता नको, राखून ठेवा. आम्ही तिघे जितकी बचत करू, तितके अप्पा कमी बोलू लागले.

वादळानंतर बाराव्या दिवशी सुरेंद्र आला. हा अप्पांचा धाकटा भाऊ, तंजावुरात राजवाड्याजवळ राहणारा. अकरा वर्षे त्याने या घरचे पाणी घेतले नव्हते. वडिलांच्या नारळीच्या बागेची वाटणी झाली तेव्हा मोजणी अप्पांनीच केली होती, आणि विहीर अप्पांच्या वाट्याला गेली होती. अण्णाने, म्हणजे अप्पांनी, हद्दीचा दगड सरकवला, असे सुरेंद्र गावभर बोलला होता. खरे काय ते मला माहीत नाही.

त्याने दाराशी चपला काढल्या. मग खाटेजवळ येऊन म्हणाला, “अण्णा, अस्की झाडं पडली, येक बी उरलं न्हाई. माझी बी, तुझी बी. दगड कुठं हाय तेबी दिसत न्हाई.”

अप्पांचे बोट हलले. घड्याळाने मला उठवले. बोट हळूहळू चालले आणि फोन बोलला, “पैस. जेवलास?”

भावाचा हा परका आवाज ऐकून सुरेंद्रने तोंड फिरवले. अप्पांनी पुढे लिहायला घेतले. ‘तो दगड’, एवढे दोन शब्द झाले आणि बोट थांबले. त्यांची नजर कोपऱ्यावर गेली होती. एक्केचाळीस टक्के.

विशालाक्षीनेही आकडा पाहिला. अजून रात्र जायची होती. तहान लागली, कूस बदलायची झाली, तर सांगणार कसे? ती म्हणाली, “उद्या बोला की. सुरेंद्र कुठं जातोय? उद्या येईल.”

सुरेंद्रनेही उद्या येतो म्हटले. अप्पांनी ते दोन शब्द पुसले.

पहाटेपर्यंत त्यांना ताप भरला. छातीत कफ साठला होता. तंजावूरच्या इस्पितळात नेले तेव्हा नंदिताने मलाही उशाशी ठेवले. तिथे वीज होती, वायर होती, चार्जिंग शंभर टक्के होते. बोट मात्र पुन्हा हलले नाही. पाचव्या दिवशी अप्पा गेले.

तेराव्यानंतर सुरेंद्रने नंदिताला विचारले, “माझ्यासाठी कायतरी लिहून ठिवलं असंल. बघ की.”

तिने माझा कोपरान्‌कोपरा धुंडाळला. पाणी, औषध, कूस, नको, असेच शब्द निघाले. पुसलेले माझ्याजवळ राहत नाही. शेवटी तिने त्याला ‘बैस’ आणि ‘जेवलास?’ हे दोन शब्द दाखवले.

“एवढंच काय?” तो म्हणाला.

“एवढंच, काका.”

तो उठून गेला, तो पुन्हा या घरी आलेला नाही. हद्दीचा नवा दगड रोवायलाही नाही. विशालाक्षी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की उद्या बोला असे मीच म्हटले. लोक तिची समजूत घालतात, पण तिला ती पटत नाही. मलाही पटत नाही, कारण तो आकडा दाखवणारा मीच होतो.

मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या. आम्हाला गादीवर तापत ठेवू नका, वायर कायमची लावून ठेवू नका, फोनला आणि घड्याळाला आमचे ओझे वाटून द्या. आम्ही जास्त दिवस चालू. पण समोर आपले माणूस येऊन बसले असेल, तेव्हा माझ्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहू नका. बोलून टाका. आकडा संपला तर मी बंद पडेन, एवढेच ना!