पानांना चढवलेली चकाकी

लेकीच्या बाळंतपणाला जाताना मास्तरीणबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, "खिडकीतल्या रबराच्या झाडाकडे बघा." नवरा पडला लाकडी सामानाला पॉलिश करणारा. नुसतं बघण्यावर त्याचं कसं भागणार? त्यात रिकामं घर खायला उठायचं. मग कामावरून आला, की तो मऊ फडकं घेऊन झाडापाशी बसायचा आणि तेलाचा हात फिरवून एकेक पान चमकवायचा. वरून चमकवायचा, खालून चमकवायचा. अर्धवट काम त्याला ठाऊकच नव्हतं. हाताबरोबर तोंडही चालायचं. कुणाचं कपाट केलं, भाजी कशी करपली, सगळं झाडाच्या कानावर घालून व्हायचं.

बाई परतल्या तेव्हा उरलेली पानं आरशासारखी लखलखत होती. बाकीची पिवळी पडून गळली होती.

"अहो, काय केलंत हे?"

"जिवापाड जपलं गं." त्याचा चेहरा एवढासा झाला.

बाईंनी पानाला बोट लावून पाहिलं. हसावं की रडावं त्यांना कळेना. शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकच घरी घेऊन आल्या. शेजारच्या कुंडीतल्या एका पानाच्या पाठीला त्यांनी बिनरंगी नेलपॉलिश लावलं, वाळल्यावर पापुद्रा अलगद सोलला आणि काचेवर पसरला.

"लावा डोळा."

"अरे बापरे! ओठ आहेत की हे! किती ते!"

"यातूनच पानाची हवेशी देवघेव चालते. कार्बन डायऑक्साइड आत, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ बाहेर. पाणी कमी पडलं, की पान ओठ मिटून घेतं."

"आणि मी त्यावर तेल चोपडलं."

"दातखीळ बसवलीत बिचाऱ्याची!" म्हणता म्हणता बाईंना हसू फुटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "एवढी आठवण येत होती?"

"तुझ्या वाटणीचं ऐकायला दुसरं होतं कोण?"

बाईंनी साबणाचं कोमट पाणी केलं. तो प्रत्येक पान तळहातावर धरायचा, त्या पुसायच्या. तरी आणखी काही पानं गळलीच. रोज सकाळी तो खिडकीशी जाऊन गुपचूप परत यायचा.

एक दिवस शेंड्याला लालसर, टोकदार कोंब दिसला. त्यानं हाक मारून बाईंना बोलावलं, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "घाबरू नकोस, नुसता बघतोय."