पान बेचाळीस

"हिला चारला औषध द्यायचंय. पाणी मिळेल का जरा?" बाकावरच्या मुलीनं मांडीवरचं लेकरू सावरत विचारलं, आणि पट्टीबाईंच्या हातातला ग्लास जागच्या जागी थबकला.

चारला औषध. हे आपण कुठंतरी वाचलंय. कुठं, ते आठवलं तसा त्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

ही मुलगी पटकथा लिहायची. चित्रपट तिनं लिहिलेला, दिग्दर्शक म्हणे मीच लिहिला. पडद्यावर नाव कुणाचं, ते आज लेखक संघ ठरवणार होता. दोघांचे खर्डे, 'अ' आणि 'ब', तीन जाणते लेखक तीन खोल्यांत वाचत होते. कुठला कुणाचा हे त्यांना कळता कामा नये, म्हणून नावाखुणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. हे काम बाई सव्वीस वर्षं करत होत्या, इतकी की त्यांचं खरं नाव ऑफिस विसरून गेलं होतं. सहापर्यंत निर्मात्याकडे निकाल गेला नाही, तर त्याची नावांची यादी कायम. त्या यादीत ही मुलगी नव्हती.

खर्डा ब, पान बेचाळीस, समासात पेननं लिहिलेलं: 'बाळाचं औषध, चार.' काल ती ओळ दिसली होती. कथेतलंच काही असेल म्हणून त्यांनी पान उलटलं होतं.

साडेतीन झाले होते. त्या तडक अध्यक्षांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, माझ्याकडून एक पट्टी राहिली."

सगळं ऐकून अध्यक्षांनी चष्मा काढला. "कुणी काही बोललंय का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला बोलताय, बाई? अडीच तास उरलेत."

"उद्या दिग्दर्शकाचा वकील नेमकं तेच पान काढेल. मग पोरीचं नाव जाईल ते कायमचंच."

दोन वाचक अजून पस्तिसाव्या पानाच्या आतच होते. तिथं पट्टी लागली. तिसऱ्या वाचक बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "मी वाचलंय ते. बाहेर लेकरू रडताना ऐकलंही. आता मी नको." त्यांनी पर्स उचलली.

बदली वाचकासाठी केलेला चौथा फोन लागला. सव्वाचारला काठी टेकत एक म्हातारे लेखक आले. "दोन खर्डे, दीड तास? एवढ्या वेळात आम्ही आख्खा सिनेमा लिहायचो." दार लागलं.

"हे कोण?" मुलीनं विचारलं. बाईंनी काही न लपवता सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे घोळ माझाच. मीच खरडलं होतं ते."

"तुम्ही तुमच्या कागदावर लिहिलंत. झाकायचं काम माझं होतं."

लेकरू बाटलीच्या झाकणाशी खेळत राहिलं.

सहाला सात मिनिटं असताना तीन चिठ्ठ्या उघडल्या. ब. अ. ब.

अध्यक्षांनी निर्मात्याला फोनवर निकाल सांगितला, पत्र धाडलं. मुलगी "थँक्यू" म्हणाली. झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन ती जिना उतरली.

"बाई," अध्यक्ष वर न बघता म्हणाले, "उद्यापासून पट्ट्या दुसरं कुणीतरी लावेल."

"हो, साहेब."

बाईंनी नोंदवही ओढली. 'खर्डा ब, पान बेचाळीस, समासातली ओळ झाकायची राहिली. चूक माझी.' एरवी त्या खाली दोन आद्याक्षरं ओढून मोकळ्या होत. आज पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.