खोकला येईना, मग शिव्या

मी कडूबाई, शिरूर कासारची. बारा हंगाम ऊस तोडला, पन सुई दिसली की माजं पाणी पाणी होतं. हसा, खुशाल हसा!

कोयता निसटला अन् डाव्या हाताची दोन बोटं वाकवणाऱ्या दोऱ्याच तुटल्या. ऊस धरायचा कशानं? बीडला ऑपरेशनला नेलं. उजव्या पंजावरल्या बारक्या शिरेतून भुलीचं पांढरं औषध सोडाय लागले, तर आई गं, मिरची भरल्यावानी आग! मी हात हिसडला, सुई उपटली, टेबलावरून खाली. कुणाचं ऐकलंच न्हाई, तशीच घरी निघाले.

डॉक्टर म्हणाले, "आणखी चार दिवस गेले तर दोऱ्या आखडतील. मग जोडता येणार नाहीत."

माजा नवरा शहादेव दुसऱ्याच दिवशी मला परत घेऊन आला. या वेळी भूल द्यायला यशोधरा मॅडम होत्या. त्यांनी उजवा हात गरम टॉवेलात गुंडाळला. मग कोपरापाशी बोट फिरवून म्हणल्या, "ही बघा, केवढी जाड शीर! इथून दिलं की आग कमी होते. मी सुई टोचताना जोरात खोका, म्हणजे टोचलेलं कळत नाही."

"सांगून खोकला येतो व्हय?"

"बरं. मोळी उचलताना काय म्हणता?"

"मुकादमाला शिव्या देते."

"मग द्या की!"

अन् काय सांगू! मी बंकट मुकादमाला धरला. त्याचं पोट, त्याची मिशी, त्याची पहाटे चारची शिट्टी, सगळ्यांचा उद्धार केला. सिस्टर हसून हसून भिंतीला टेकली. बाहेरून शहादेव ओरडला, "मुकादम आत आलाय का काय?"

"मॅडम, टोचा आता!"

"कधीच टोचली. औषध जातंय."

जराशी चुरचुर झाली, बास. मिशीवर पुन्हा येणार, तेवढ्यात झोप लागली.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टर म्हणाले, "हळूच वाकवा." जीव सगळा बोटात आणला अन् वाकवलं. हललं! दोन्ही हलली! कळ पार कोपरापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई दुखतंय," मी म्हणले, "दुखू द्या! पुन्हा वाकवू का?"