सोबत आलेली व्यक्ती

रुग्णाचे नाव:
गोरक्ष, कळवणचा. सहा वर्षांपूर्वी त्याला बायकोची, उज्वलाची, किडनी बसवली. ती इतकी गुणी निघाली की गावात तिचं कौतुक उज्वलापेक्षा जास्त.

सोबत आलेली व्यक्ती:
उज्वला. दर तीन महिन्यांनी सकाळच्या एसटीने नाशिकला यायचं. फाइल तिच्याकडे, गोळ्या तिच्याकडे, डबा तिच्याकडे. गोरक्षकडे फक्त किडनी, तीही तिचीच.

दरवर्षी स्वतःचंही रक्त, लघवी, बीपी तपासायचं, असं डॉक्टरांनी तिला ऑपरेशननंतर बजावलं होतं. पहिल्या वर्षी तपासलं. पुढे घरच्यांनी गृहीत धरलं की बाई वर्षातून चारदा दवाखान्यात जाते, म्हणजे तपासणी होतच असणार. हळूहळू तिलाही तसंच वाटू लागलं.

तक्रार:
नाही.
म्हणजे डोकं दुखायचं. कांदे निंदताना कंबर धरायची. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी, कधी दोन. पण इथे रुग्णाची तक्रार लिहितात.

रक्तदाब:
सिस्टर नवीन होती. फाइल कोणाच्या मांडीवर आहे ते तिने पाहिलं आणि पट्टा त्याच दंडाला गुंडाळला. पेशंट हे आहेत, असं उज्वला सांगणारच होती. पण बसल्या बसल्या कुणी आपली विचारपूस करतंय हे तिला बरं वाटलं, म्हणून गप्प राहिली.

एकशे साठ, शंभर.

सकाळची गोळी चुकली का, असं सिस्टरने विचारलं.

"गोळी ह्यांना असते," उज्वला म्हणाली. "मी फक्त किडनी दिलेली हे."

सिस्टर उठून थेट डॉक्टरांकडे गेली.

सल्ला:
दुखण्याच्या गोळ्या बंद. मीठ कमी. बीपीची गोळी रोज. उज्वलाचं रक्त, लघवी तपासली; उरलेली किडनी अजून चांगली आहे, पण एकटी आहे. तिच्याकडे बघायला हवं. डॉक्टर शांतपणे बोलले, म्हणून गोरक्ष जास्त घाबरला.

"तुझी बिघडली तर मी काय देऊ?" बाहेर येऊन तो म्हणाला. "माझ्याकडं हे ती तुझीच."

"नको. वापरलेली परत घेत नाय मी."

पण परतीच्या एसटीत तिने पहिल्यांदाच खिडकीची जागा मागून घेतली, आणि त्याने दिली.

पुढील भेट:
तीन महिन्यांनी. नवी, पातळ फाइल. रुग्णाचे नाव उज्वला. सोबत आलेली व्यक्ती गोरक्ष; फाइल त्याच्याकडे, गोळ्या त्याच्याकडे.

बीपी एकशे तीस, ऐंशी. लघवी ठीक.

काही तक्रार, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा उज्वलाने दाराबाहेर थांबलेल्या गोरक्षकडे बोट दाखवलं. डबा एसटीतच राहिला होता.