ताईचे साहेब

ताईच्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न दूर, समुद्रापलीकडे होतं. ताईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला नेणं कुणाला जमणार नव्हतं. मुलाने तिला मोठ्या पडद्याचा फोन पाठवला आणि सांगितलं, "आई, तू घरात बसून सगळं बघ."

लग्नाच्या दिवशी ताई ठेवणीतले कपडे घालून फोनसमोर बसली. फोन पिठाच्या डब्याला टेकवला होता. मी शेजारी. तिकडे कुणीतरी आपला फोन खांबाला बांधून कामाला लागला होता. आम्ही पूर्ण वेळ लोकांच्या पाठी बघितल्या. एकदा नात अगदी जवळून गेली. ताईने हात हलवला. नातीचं लक्ष नव्हतं.

"घाईत आहे पोर," ताई म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला.

पुढे तिने नातीसाठी लोकरीची शाल विणली. पार्सल करून पाठवली. पोचली की नाही, ते कळलं नाही.

मी ताईचा धाकटा भाऊ. वेताच्या खुर्च्या विणतो. माझी खोली तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. आमची एक रीत होती. सकाळी उठली की ताई मला फोन लावायची आणि एक रिंग झाली की कापायची. म्हणजे, उठले. मी उलट एक रिंग द्यायचो. म्हणजे, मीही. बोलायचं काही नसायचं. दोन म्हाताऱ्या माणसांना एवढं पुरतं, अशी आमची समजूत.

एका सकाळी रिंग आली नाही. मी वेत पाण्यात भिजत घातला होता. वाटलं, विसरली असेल. मग मी लावला. फोन सतत व्यस्त. ताईच्या फोनवर इतका वेळ बोलणार कोण? वेत पाण्यातच टाकून निघालो. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. जिना चढताना मनात एकच होतं, की आता दार उघडायचं आणि जे असेल ते बघायचं. शेवटच्या पायरीवर थोडा थांबलोही.

दार उघडलं तर ताई ताठ बसलेली. तेच ठेवणीतले कपडे. समोर पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. साहेब आहेत."

पडद्यावर गणवेशातला एक तरुण माणूस होता. मागे झेंडा, टेबलावर फायली.

"कोण आलंय?" तो ओरडला.

"माझा भाऊ आहे साहेब. चांगला आहे, काही बोलायचा नाही."

"कुणाला भेटायचं नाही, सांगितलं होतं ना? त्याला बाहेर काढा. नाहीतर त्यालाही आत घेऊ."

खरं सांगतो, मी पाऊलभर मागे सरलो. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात, पण गणवेश दिसला की ज्याने काही केलेलं नसतं तोच आधी घाबरतो.

ताईने कुजबुजत सांगितलं. तिने पाठवलेलं पार्सल म्हणे पकडलं होतं. शालीच्या घडीत अमली पावडर सापडली होती. तिच्यावर अटकेचा हुकूम निघाला होता. साहेबांनी कागद दाखवला, त्यावर तिचं नाव आणि गोल शिक्का. म्हातारी म्हणून साहेबांनी तिला तुरुंगाऐवजी घरातच अटकेत ठेवलं होतं. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. बँक उघडली की फोन चालूच ठेवून पिशवीत घालायचा, ठेव मोडायची आणि चौकशी संपेपर्यंत पैसे सरकारी खात्यात टाकायचे.

त्या ठेवीवर ताईचं सगळं होतं. ती होती म्हणून तिला कुणाच्या दारी जावं लागत नव्हतं.

"कालपासून बसलीयस?" मी विचारलं.

"मला सवय आहे रे. दवाखान्यात आया होते ना मी. पेशंटजवळून हलायचं नाही म्हणजे नाही."

"ताई, तो कागद खोटा असेल."

"छापलेला आहे. तुझ्यासारख्या उशिरा शिकलेल्यालाही वाचता येईल."

तिचं खरं होतं. मी बाप झाल्यावर अक्षरं शिकलो. छापलेलं काही दिसलं की अजूनही मला आधी खरंच वाटतं. पण पोलीस चौकी कोपऱ्यावर असताना हा माणूस डब्याला टेकून का बसलाय, हे डोक्यात शिरेना.

"साहेब," मी धीर करून म्हणालो, "ताईला मी चौकीतच घेऊन येतो ना."

"एक पाऊल बाहेर टाकलं तर नातीला तिकडे बेड्या पडतील!"

मी फोनकडे हात नेला. ताईने फाडकन माझ्या हातावर मारलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"पोरीचा संसार आत्ता सुरू झालाय, बारक्या. माझी ठेव गेली तर गेली."

त्याच वेळी साहेबांना खोकल्याची उबळ आली. ताई पुढे झुकली. "कोमट पाणी घ्या हो साहेब. काल सांगितलं ना, मीठ घालून गुळण्या करा."

"केल्या, आजी," तो पुटपुटला. आणि पुन्हा आवाज चढवला.

बँक उघडायला फार वेळ नव्हता. मी म्हटलं, "बरं, मी निघतो." आणि म्हातारपण विसरून जिना उतरलो. चौकीत एक महिला पोलीस होती. अर्धंच ऐकून ती उठली. "चला काका. असलेच फोन आहेत सध्या."

आम्ही आलो तेव्हा ताई पिशवी खांद्याला लावून उभी होती. महिला पोलिसाने तिच्या हातातून फोन अलगद घेतला, स्वतःचा चेहरा समोर धरला आणि विचारलं, "कुठलं ठाणं तुमचं?"

पडदा काळा झाला.

ताई त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग खाली बसली.

"आजी, पोलीस व्हिडिओवर कुणाला अटक करत नाहीत," ती बाई सांगू लागली. "चौकशीसाठी पैसेही मागवत नाहीत. 'कुणाला सांगू नका' म्हणाला की समजायचं चोर आहे. आधी फोन कापायचा. मग घरच्यांना सांगायचं."

"घरचे म्हणजे कोण?" ताईने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं.

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

तक्रार लिहून घेऊन ती गेली. मी चहा केला. ताईने घेतला नाही.

"नात बरी आहे म्हणजे?"

"बरी आहे. तुझी ठेवही आहे."

"हं." खांद्यावरची पिशवी काढून ठेवत ती म्हणाली, "चोर तर चोर. पण दोन्ही वेळेला विचारलं त्याने, आजी, जेवलात का. आणि लग्नातल्यासारखं नाही हं. सारखा माझ्याकडेच बघायचा."

मी म्हणालो, "आजपासून मी संध्याकाळी जेवायला इकडे येतो."

"तुला कुणी बोलावलंय? दोन पोळ्या जास्त लाटायच्या म्हणजे माझे हात मोडतील."

"मी लाटतो."

"तू? खुर्च्या विण तू."

पण त्या दिवसापासून मी जात राहिलो. सुरुवातीला ती रुसलेलीच असायची, मी काहीतरी हिरावून घेतल्यासारखी. मग बोलू लागली. मुलाला हे सांगायचं नाही, एवढी तिची अट होती, कारण त्याने तिची खोली विकायला काढली असती. मी सांगितलं नाही. आम्ही आमनेसामने बसून जेवायचो. मी मुद्दाम ताटावरून मान वर करून तिच्याकडे बघायचो. ती म्हणायची, "काय बघतोस? जेव."

ताई पुढच्या वर्षी जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी झोपेतच गेली. ती तिच्या स्वतःच्या खोलीत होती, आणि एकटी होती.